छपरीत कोण कोण आलं

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साचत जातात. एक लॉग, म्हणजे कोण कधी आलं आणि कधी गेलं याच्या नोंदी. दुसरे किस्से. लॉग दर महिन्याला आपोआप पुसले जातील अशी सोय मी करून ठेवली आहे. किश्श्यांची तशी सोय अजून कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही! चार ओळखीची माणसं जमली, चहा झाला, की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो मिलवाला सांगा ना." मिलवाला सांगितला की त्याच्या मागून गुरुजींचा निघतो, मग म्हशीचा. एकदा सगळे नीट सांगून टाकते.

मी भंडाऱ्याला एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मला फिजिक्स शिकवलेले लांजेवार सर रिटायर होऊन नदीपलीकडे कारध्याला राहतात. शाळा-कॉलेजं बंद होऊन सगळा कारभार ऑनलाइन झाला, तेव्हा जो तो मोठमोठ्या कंपन्यांचे ॲप वापरत होता. कुठे वेळेची मर्यादा, कुठे माणसांची. सर वैतागले. "मीना, आपलं घर असताना भाड्याच्या खोलीत कायले राहाचं?"

मग आम्ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर घेतलं. ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो, कोणीही घ्यावं, बदलावं आणि आपल्या मशीनवर चालवावं, असं. एक व्हिडिओ मीटिंगचं, एक मेसेजचं. कॉलेजनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर सरांच्या धान्याच्या खोलीत मांडला, तोच आमचा सर्व्हर. तुमसरच्या राईस मिलमध्ये फिटर असलेले नेवारे भाऊ येऊन वायरिंग आणि बॅटरी बसवून गेले. करडीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रातल्या प्रतिभा सिस्टर गावोगावी लोकांना वापरायला शिकवू लागल्या. एवढंच आमचं मंडळ.

नाव सरांच्या पत्नीनं, काकूंनी सुचवलं. छपरी. आमच्याकडे घरापुढच्या ओसरीला छपरी म्हणतात. येणारा-जाणारा तिथे टेकतो, पाणी पितो, दोन गोष्टी बोलतो आणि उठतो. माझ्या कॉलेजातली पोरं मात्र पोट धरून हसली. "मॅडम, छपरी म्हणजे शिवी आहे आता!"

सर म्हणाले, "त्यायले म्हणा, शब्द आमचा आहे. तुमची शिवी दुसरीकडं न्या."

* * *

छपरीत खोली उघडायला काही करावं लागत नाही. पत्त्यापुढे एखादं नाव टाइप केलं की त्या नावाची खोली तयार. दुसऱ्या कोणी तेच नाव टाकलं की तोही त्याच खोलीत. सर मला समजावताना म्हणाले, "खोली पहिलेपासून असतेच. नाव घेतलं का दार दिसते, बस."

भर सकाळी अंगावर जरा काटाच आला.

पहिल्या दिवशी सरांनी खोलीचं नाव टाकलं, "चाचणी". खोली उघडली. आत एक जण आधीच बसलेला!

काळा चौकोन. खाली नाव, "पाहुणा". जो नाव देत नाही त्याला सॉफ्टवेअर तेच नाव देतं. छपरीचा पत्ता तोवर आम्हा दोघांखेरीज कोणालाही माहीत नव्हता.

"कोण आहे?" सरांनी विचारलं.

उत्तर नाही. नुसता श्वास. मोठा, ओला, संथ. मध्येच थांबायचा, इतका वेळ थांबायचा की आमचाही थांबायचा, आणि मग एकदम "फूऽऽ" करून सुटायचा.

"नाव सांगा आपलं," सर अदबीनं म्हणाले.

"फूऽऽ."

तेवढ्यात मागच्या दारातून काकूंचा आवाज आला, "अहो, तुमचा मोबाइल गव्हाणीत काहून ठेवला? म्हैस चाटून राहिली त्याले!"

सकाळी म्हशीपुढे तणीस टाकायला गोठ्यात गेले तेव्हा सरांनी मोबाइलवरून खोली उघडून पाहिली होती आणि फोन तिथेच विसरले होते. आमच्या सर्व्हरवर आलेली पहिली पाहुणी म्हैस!

हा किस्सा मी मुद्दाम आधी सांगते. पुढे पुढे असं काही घडू लागलं की गोठ्यात जाऊन पाहिलं तरी काही सापडत नव्हतं.

* * *

खुल्या सॉफ्टवेअरची भाषा आपल्याला बदलता येते. इंग्रजी वाक्यांची एक लांबलचक फाइल असते, त्यांच्या शेजारी आपली वाक्यं लिहायची. सरांनी चार दुपारी बसून अख्खी फाइल लिहून काढली. मीटिंग घेणारा आला नसेल तर, "घरधनी येऊन राहिले, बसा." माइक बंद केला तर, "तुमचा आवाज बंद केला आहे, राग मानू नका." कोणी आलं की, "अमुक आले." कोणी बाहेर पडलं की, "अमुक गेले."

त्या शेवटच्या शब्दात काय दडलंय ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

प्रतिभा सिस्टरांच्या भागातल्या एका गावात तलावाच्या पाणीवाटपाची मीटिंग दर रविवारी सकाळी छपरीत व्हायची. तलाव समितीचे अध्यक्ष हटवार गुरुजी. वय पंचाहत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत. त्यांची मुलगी पुण्याला. वडिलांना मोबाइल जमतो की नाही म्हणून तीही समितीच्या मेसेजच्या ग्रुपमध्ये होती. मीटिंगमध्ये कोण आलं, कोण गेलं, त्या ओळीही तिथे उमटायच्या.

एका रविवारी मीटिंग चालू असताना गुरुजींच्या फोनची बॅटरी संपली. फोन बंद. ते खोलीतून बाहेर पडले. पुण्यात मुलीच्या मोबाइलवर ओळ आली, "हटवार गुरुजी गेले."

तिनं वडिलांना फोन लावला. बंद. आईला लावला. आई शेजारी वड्या घालायला गेलेली, फोन घरात. पुन्हा वडिलांना. बंद. मुलगी जी निघाली ती दुपारच्या विमानानं नागपूर आणि तिथून गाडी करून दिवेलागणीला गावात. रस्ताभर रडत.

गुरुजी दारात खुर्ची टाकून शेंगा खात बसले होते.

"काहून वो? अशी अचानक?"

तिनं पिशवी तिथंच टाकली. "बाबा, तुम्ही गेले अशी नोटीस आली मले!"

गुरुजींनी शेंग फोडली. थोडा विचार केला. म्हणाले, "मले तर नाही आली बा अजून."

दुसऱ्याच दिवशी सरांनी ते वाक्य बदललं. आता छपरीतून बाहेर पडलेला माणूस "जाऊन येतो म्हणाले" असं दिसतं.

* * *

आता मिलवाला.

मीटिंगमध्ये मागचा गोंगाट गाळण्याची एक सोय असते. पंखा, मोटर, गाड्या, सगळं काढून टाकून फक्त माणसाचा आवाज पुढे पाठवायचा. नेवारे भाऊ मिलमधूनच मीटिंगला बसायचे, म्हणून मी त्यांच्या मोबाइलवर ती चालू करून दिली. फरक असा की आम्हाला वाटलं मिल बंद आहे.

"भाऊ, आज सुट्टी का?" मी विचारलं.

"कायची सुट्टी! कानाचे पडदे फाटून राहिले इथं!" भाऊ ओरडले. त्यांच्या मागे पट्टे फिरताना दिसत होते, धुरळा उडताना दिसत होता, आणि आवाज शून्य. पाण्याखालचं पाहत असल्यासारखं वाटत होतं.

अकराचा सुमार असेल. सर, मी आणि सिस्टर. नवी बॅटरी कुठे बसवायची याचं चाललं होतं. सिस्टर मध्येच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मागं कोण बाई बोलून राहिली?"

"बाई? इथं कोणी नाही."

"नाही कशी? मले ऐकू येऊन राहिलं. 'इकडं या' म्हणते."

मग मलाही आलं. बारीक आवाज, घाई नसलेला. शेजारणीला अंगणातून हाक मारावी तसा. "इकडं या... इकडं या वो."

भाऊंनी कानाला हात लावून पाहिलं. त्यांना मिलपुढे काहीच ऐकू येणं शक्य नव्हतं. सर म्हणाले, "नेवारे, फोन घेऊन चाला जरा. आम्ही सांगतो."

भाऊ डावीकडे गेले. आवाज बारीक झाला. उजवीकडे वळले. मोठा झाला. आम्ही तिघं आपापल्या घरात बसून त्यांना आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखं चालवत होतो. "हां, जवळ आलं. अजून पुढं. पुढं."

"पुढं काही नाही मॅडम. भुशाची खोली आहे. दार लोटलेलं आहे."

"उघडा!" सिस्टर ओरडल्या.

धानाचा सगळा भुसा उडून त्या खोलीत पडतो, माणसाच्या दुप्पट उंचीचा ढीग होतो. दार उघडलं तेव्हा ढीग एका अंगानं घसरलेला होता आणि त्यातून हाताची चार बोटं वर आलेली होती. पुढचं आम्ही हलत्या कॅमेऱ्यातून पाहिलं. मिल बंद करा, बंद करा, असं भाऊंचं ओरडणं. माणसं धावली. टोपल्यांनी, हातांनी भुसा उपसला. आत मिलमध्ये कामाला असलेली रेखाबाई होती. पोती भरायला गेली होती, ढीग अंगावर आला. बाहेर काढली तेव्हा काळीनिळी पडली होती. पण जिवंत!

आठ दिवसांनी भाऊ तिला भेटायला घरी गेले. म्हणाले, "बाई, तू आवाज देल्ला म्हणून वाचली. नाही तर कोणाले पत्ताच नव्हता."

रेखाबाई उठून बसली. "आवाज? भाऊ, तोंडाले पदर बांधला होता अन् पदरात भुसा. मले श्वास नव्हता येत. आवाज कुठून देऊ?"

नेवारे भाऊंनी त्या दिवसापासून ती गोंगाट गाळायची सोय बंद केली ती केलीच. मिलची सगळी घरघर आमच्या कानात येते. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "मिलचा आवाजच बरा आहे मॅडम. त्याच्या खाली काय काय आहे, कोणाले मालूम!"

* * *

हटवार गुरुजी खरंच गेले तो दिवस सोमवार होता.

त्या वर्षी तलावात पाणी कमी होतं. आधी वरच्या बाजूच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना द्यायचं की खालच्या, यावरून गावात दोन तट पडले होते. मीटिंगमध्ये भांडणं व्हायची आणि उरलेली ग्रुपवर. सकाळपासून लोक एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे. गुरुजी सगळं वाचायचे आणि शेवटी एकच मेसेज टाकायचे, तो दोन्हीकडचे मानायचे.

सोमवारी सकाळी ग्रुपवर शिवीगाळ चालू होती. साडेनऊच्या सुमारास खाली ओळ उमटली, "हटवार गुरुजी लिहीत आहेत..." सगळे थांबले. गुरुजी काय म्हणतात ते बघू.

मेसेज आला नाही. तासाभरानं बातमी आली. खुर्चीत बसल्या बसल्या, फोन हातात.

इथपर्यंत ठीक. माणूस जातो. पण ती ओळ गेली नाही.

खरं तर लिहिणारा थांबला की ती ओळ काही सेकंदांत आपोआप पुसली जाते. मंगळवारी ती होती. बुधवारी होती. गुरुजींचा फोन बंद करून कपाटात ठेवलेला होता, मी स्वतः त्यांच्या मुलीला विचारून खात्री केली. ग्रुपमधल्या सत्तर माणसांच्या मोबाइलवर, प्रत्येकाच्या, तळाशी ती तीन टिंबं हलत होती. "हटवार गुरुजी लिहीत आहेत..."

आणि त्या ओळीसमोर कोणाचीच लिहायची हिंमत होत नव्हती. ज्या ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज पडत, तिथे एक अक्षर नाही. दोन्ही तट चिडीचूप. वरच्या बाजूचा पुढारी सिस्टरांना म्हणाला, "गुरुजी लिहून राहिले ना. मधात कसं बोलाचं?"

पाचव्या दिवशी मी ठरवलं, काहीतरी अडकलंय, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा. ग्रुपला तशी सूचना द्यावी म्हणून आधी मुलीला फोन केला. ती आईशी बोलली आणि पुन्हा फोनवर आली.

"मॅडम, बंद नका करू. आई म्हणते, त्यायले लिहू द्या."

मग मी नाही केला बंद.

तेरवीला मी, सर आणि सिस्टर गेलो होतो. गुरुजींच्या अंगणात पंगती बसल्या होत्या. कोण कुठे बसलं याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. वरच्या बाजूचा पुढारी आणि खालच्या बाजूचा पुढारी शेजारी शेजारी आले. आता उठायचं तर भर पंगतीतून उठावं लागणार. बसले. थोड्या वेळानं एकानं दुसऱ्याच्या पानात वरण वाढायला सांगितलं. मग दोघं हळू आवाजात काहीतरी बोलू लागले. पाण्याचंच असणार. हातानं वर-खाली दाखवत होते.

सिस्टरनी माझा हात धरला आणि आपला मोबाइल दाखवला. ग्रुप उघडा होता. तळाशी काहीच नव्हतं. ओळ गेली होती.

मेसेज आला नव्हता. एक अक्षरही नाही.

मी आत जाऊन गुरुजींच्या पत्नीला हळूच सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी बाहेर पंगतीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"झालं असन त्यायचं लिहून."

* * *

हा अगदी छोटा आहे.

मीटिंगमध्ये आपल्या मागचं सगळं धूसर करता येतं. सॉफ्टवेअर चित्रात माणूस कुठे आहे ते ओळखतं, तेवढा भाग स्वच्छ ठेवतं आणि बाकीचा पुसट करून टाकतं. प्रतिभा सिस्टर ही सोय नेहमी वापरायच्या, कारण उपकेंद्रात मागे औषधांचे खोके पडलेले असायचे.

एका सकाळी त्या लसीकरणाचं सांगत होत्या. मागचं सगळं धुक्यात. फक्त त्यांच्या डाव्या बाजूला भिंतीचा एक उभा तुकडा लख्ख दिसत होता. तिथे लावलेल्या कॅलेंडरवरच्या तारखासुद्धा वाचता येत होत्या. सिस्टर हलल्या तरी तो तुकडा तिथेच. मग तोही हलला, थोडासा. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार दिल्यासारखा.

मी म्हटलं, "सिस्टर, तुमच्या बाजूला कोणी उभं आहे का? सॉफ्टवेअरला तिथे माणूस दिसतोय."

त्यांनी डावीकडे पाहिलं. "नाही वो. कोणी नाही." मग त्यांनीच विचारलं, "केवढं आहे?"

"म्हणजे?"

"उंचीनं केवढं आहे?"

मी अंदाज घेतला. "तुम्ही बसलेल्या आहात ना, तुमच्या खांद्याएवढं असेल."

सिस्टरांनी पुन्हा तिकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. मग त्यांनी आपली खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली, बाकावर एखाद्या लहान पोराला जागा करून द्यावी तशी.

"असू द्या मॅडम," त्या म्हणाल्या. "हं, तर मंगळवारचं सांगून राहिली होती..."

* * *

आणि आता काकूंचा.

सगळ्यांकडे इंटरनेट नसतं. म्हणून छपरीत आम्ही एक फोनची खोली केली होती. साध्या फोनवरून एक नंबर लावायचा, की माणूस आवाजानं आत. फोनवर काही दिसत नाही, म्हणून आत किती जण आहेत ते सॉफ्टवेअर बोलून सांगतं. ते बोलायचं इंग्रजीत, आणि गावातली माणसं घाबरून फोन ठेवायची. सर म्हणाले, "हे आवाजही बदलता येतात. आपला आवाज टाकू."

आवाज कोणाचा हा प्रश्नच नव्हता. काकू तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. लांजेवार बाईंनी हजेरी घेतली की शाळेमागच्या आमराईत लपलेलं पोरगंही "हजर" म्हणतं, असं कारध्यात सांगायचे.

एका दुपारी धान्याच्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगून आम्ही रेकॉर्डिंग केलं. छोटे छोटे तुकडे. "या खोलीत." "जण आहेत." "आपण एकटेच आहात." "थोडं थांबा, कोणीतरी येईल." आणि आकडे. मराठीत आकडे जोडून बनवता येत नाहीत, प्रत्येक वेगळा म्हणावा लागतो, त्याची वेगळी फाइल. एक, दोन, तीन. वीसपर्यंत आल्यावर काकूंनी पाण्याचा पेला उचलला.

"पुढचे घ्यायचे ना?" मी विचारलं.

"बस झालं वो. विसाच्या वर कोण येते तुमच्या फोनवाल्या खोलीत?"

खरंच होतं. दहा-बाराच्या वर कधी कोणी आलं नाही. आणि आलंच असतं तर बिघडत नव्हतं. ज्या आकड्याची फाइल नसेल तो सॉफ्टवेअर गिळून टाकतं. "या खोलीत, जण आहेत," असं मधूनच रिकामं वाक्य येतं, एवढंच. मी तसं करून पाहिलेलं होतं.

पुढच्या वर्षी काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर काकू पाटीवर लिहून बोलायच्या. अक्षर सुंदर, पण पाटीवर हाक मारता येत नाही.

काही महिन्यांनी सरांनी मला लॉग बघायला सांगितला. रोज दुपारी कोणीतरी फोनच्या रिकाम्या खोलीत येऊन पाच-पाच मिनिटं थांबतं आणि निघून जातं. कोणी खोडी काढतंय का? मी नंबर वाचून दाखवला. सरांनी तो पुन्हा वाचायला लावला.

"हा तर आमच्याच घरचा आहे."

त्या दुपारी ते पाय न वाजवता माजघराच्या दारापर्यंत गेले. काकू फोन कानाला लावून डोळे मिटून बसल्या होत्या. खोलीत इतकी शांतता की फोनमधला आवाज दारापर्यंत येत होता. "या खोलीत आपण एकटेच आहात. थोडं थांबा, कोणीतरी येईल."

सर तसेच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपला मोबाइल घेऊन घरापुढे जाऊन बसले आणि त्यांनीही तोच नंबर लावला. आत माजघरात काकूंच्या कानात त्यांचाच आवाज बोलला, "या खोलीत दोन जण आहेत."

सरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते नदीकडे बघत होते. "ती बाहेर आली नाही, मी आत गेलो नाही. दहा मिनिटं बसलो तसेच. बोलाले काय होतं?"

मग रोजच. दोन वर्षं.

यंदा संक्रांतीच्या आधी काकू गेल्या. शाळेतली मुलं चहूकडे पांगलेली. सुरतला, पुण्याला, कोणी मिलमध्ये, कोणी शेतात. सगळ्यांना म्हणायचं होतं काहीतरी. सर म्हणाले, "व्हिडिओ नको. कोणाचं तोंड पाहाची ताकद नाही माझ्यात. फोनच्या खोलीत ठेवा."

रविवारी सकाळी अकराला. धान्याच्या खोलीत मशीनसमोर मी आणि सर. मी विचारलं, "सर, माणसं मोजायचा आवाज बंद करून ठेवू का? आज बरं नाही वाटणार."

"राहू दे," सर म्हणाले.

माणसं येऊ लागली. दर वेळी एक बारीक बीप आणि काकूंचा आवाज. "या खोलीत पाच जण आहेत." "नऊ जण आहेत." पहिल्यांदा ऐकल्यावर दोघी-तिघींना हुंदका आवरला नाही. मग सगळे शांत होऊन ऐकू लागले. "सतरा जण आहेत." "एकोणीस." "या खोलीत वीस जण आहेत."

आता पुढचं वाक्य रिकामं येणार म्हणून मी मनातल्या मनात तयारी केली.

बीप.

"या खोलीत एकवीस जण आहेत."

स्पष्ट. त्याच लयीत, त्याच चढावर. मला वाटलं, माझाच कान फसला.

"या खोलीत बावीस जण आहेत." "तेवीस जण आहेत."

सुरतहून कोणीतरी बोललं, "बाईंचा आवाज अगदी तसाच आहे ना. हजेरी घेतल्यासारखा."

"हो रे," दुसरा म्हणाला.

त्यांना नवल वाटायचं कारणच नव्हतं. मी दुसऱ्या खिडकीत फाइलींचा फोल्डर उघडला. एक ते वीस. पुन्हा वरून खाली मोजल्या. वीसच.

"या खोलीत एकतीस जण आहेत."

मी सरांकडे वळले. "सर, आपण तर विसाच्या पुढं..."

सरांनी माझ्याकडे न पाहता ओठांवर बोट ठेवलं.

"या खोलीत बत्तीस जण आहेत," काकू म्हणाल्या.